चार तंतुवाद्यें आणि एक पियानो

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९२२ सालीं नाशिकास रामनाम आधार आश्रम काढला. भजन, कीर्तन आणि गाण्याची बैठक यांवर ज्या गांवाचा कान घडला, तेथील रसिकानें पाश्चात्यांचें 'चेंबर म्युझिक' प्रथमच ऐकलें, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यांत मुख्य कलावंत कोण आणि साथीदार कोण? प्रश्न अगदीं रास्त आहे. आणि त्याच्या उत्तरांतच या संगीताचें मर्म आहे.

चेंबर म्हणजे खोली. शंभरएक वादकांचा ताफा आणि त्यांच्यापुढें छडी घेऊन उभा असलेला संचालक, हें ऑर्केस्ट्राचें दृश्य पुष्कळांनीं निदान चित्रांत पाहिलेलें असतें. चेंबर संगीतांत बहुधा संचालक नसतो. तीन, चार किंवा पांच वादक जवळजवळ बसतात आणि प्रत्येकाची सुरावट त्याच्या एकट्याची असते. आपल्या बैठकींत सारंगी गवयाच्या मागोमाग जाते. येथें व्हायोलिननें कांहीं म्हणावें, चेलोनें खालच्या सप्तकांत त्यास उत्तर द्यावें, पियानोनें दोघांचें बोलणें पुढें न्यावें, असा समानांचा संवाद चालतो. सर्वच मुख्य, आणि वेळप्रसंगीं सर्वच साथीदार.

पियानो दिसतो पेटीसारखा. पण त्याचा सूर तारांतूनच निघतो. पट्टी दाबली कीं आंत नमद्यानें मढविलेली हातोडी तारेवर आपटते. सूर उमटतो आणि लगेच विरूं लागतो. त्यावर मींड घेतां येत नाहीं. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग करून त्याचे सूर बांधून टाकलेले असतात. व्हायोलिनला पडदे नाहींत; गज फिरतो आहे तोंवर सूर जगतो, आणि बोट केसभर सरकलें तरी तो बदलतो. बांधीव सुरांच्या दोषावरूनच १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या कार्यक्रमांतून बाद केलें, आणि तो निर्बंध पुढें कित्येक वर्षें चालला. मग असें बांधीव वाद्य लवचीक वाद्यांशेजारीं नांदतें कसें? तंतुवादक आपला सूर सतत पियानोशीं जुळवून घेत असतात. आणि रचनाकार तर या भेदाचाच उपयोग करतो. दीर्घ, गाते सूर तो तंतुवाद्यांना देतो. मोत्यांच्या सरीसारखे सुटे, चपळ सूर पियानोला.

शूबर्टचें 'ट्राउट' पंचक हें याचें सुबोध उदाहरण होय. ऑस्ट्रियांतील श्टायर गांवच्या एका हौशी चेलोवादकासाठीं त्यानें तें १८१९ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं रचलें. त्यांत व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस आणि पियानो अशीं पांच वाद्यें आहेत. चौथ्या भागांत त्यानें माशावरच्या आपल्याच एका गीताची चाल घेतली आहे. ती प्रथम एकटीं तंतुवाद्यें वाजवितात. पियानो गप्प राहतो. मग तो ती उचलतो. पुढें चाल खर्जाच्या वाद्यांकडे जाते आणि पियानो वरून वेगानें धांवत सुटतो. एकच चीज अनेक अंगांनीं मांडावी, तसा हा प्रकार. मात्र येथें प्रत्येक सूर आधींच लिहिलेला असतो.

मुंबईंत या संगीताचें रोप लावणाऱ्यांत वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार होता. १९३४ सालीं युरोप सोडून तो मुंबईस आला आणि तेथें त्यानें चेंबर संगीताची मंडळी स्थापन केली. पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता त्याच्याबरोबर वाजवीत. पुढें कॉफमननें मुंबई रेडिओकेंद्रांत पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची प्रसिद्ध ओळखधून त्याच्याच नांवावर सांगितली जाते.

नवख्या श्रोत्यानें पहिल्या खेपेस कान केवळ चेलोवर ठेवावा, दुसऱ्या खेपेस पियानोवर; तिसऱ्या खेपेस पांचांचा संवाद आपोआप उलगडूं लागतो. नाशिकच्या कित्येक घरांत वर्षानुवर्षें पहाट झाली ती त्या ओळखधुनीनें : खालीं तंबोरा आणि वर व्हायोलिन. परक्या देशांतून आलेल्या माणसानें आमचा तंबोरा इतक्या मनानें ऐकला. त्याच्या तंतुवाद्यांसाठीं आपणहि घटकाभर बैठक मारावयास हरकत नसावी.