मेणाच्या कुंपणातला ठिपका

2011 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका शेतातली खरबुजे खाऊन 28 राज्यांत 147 माणसे आजारी पडली आणि 33 दगावली. कारण होते लिस्टेरिया, फ्रिजच्या थंडीतही वाढत राहणारा जिवाणू. नेहमीच्या संवर्धन पद्धतीने त्याचा निकाल हाती यायला काही दिवस जातात, आणि तोवर माल घरोघरी पोचलेला असतो.

2012 मध्ये त्याच राज्यातल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून चार्ल्स हेन्री आणि सहकाऱ्यांनी अन्नातून पसरणारे ई. कोलाय, साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे जिवाणू रंगावरून ओळखणाऱ्या कागदी चाचणीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कागदावर प्रयोगशाळा मांडण्याची वाट हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 2007 मध्येच दाखवली होती.

खरी गंमत छपाईत आहे. शाईऐवजी मेणाच्या वड्या वितळवणाऱ्या प्रिंटरने फिल्टर पेपरवर गोल छापायचे आणि कागद तापवायचा. मेण कागदाच्या आरपार उतरते आणि नमुन्याच्या थेंबाभोवती कुंपण तयार होते. पण वितळलेले मेण खाली उतरता उतरता बाजूलाही पसरते, म्हणून ती वाढ आधीच हिशेबात धरून रेघ बारीक काढावी लागते.

कुंपणाच्या आत रंग देणारे रसायन असते. जिवाणूचे स्वतःचे विकर (एन्झाइम) त्याचा रेणू तोडते आणि रंग उमटतो: ई. कोलायसाठी पिवळ्याचा जांभळट लाल, साल्मोनेलासाठी कोऱ्याचा जांभळा, लिस्टेरियासाठी कोऱ्याचा निळा. निकाल वाचायला वीज खाणारे यंत्र नको, डोळे पुरेत. इतक्या स्वस्त सामानातून एवढे साधावे, याचे खरोखर कौतुक वाटते.

अडते ते निळ्या ठिपक्यापाशी. साल्मोनेलाचा रंग मिलिलिटरमागे दहा हजार जिवाणूंना उमटला, ई. कोलायचा दहा लाखांना. लिस्टेरियाला मात्र दहा कोटी लागले. ज्याची भीती सर्वांत जास्त, तोच सर्वांत उशिरा बोलतो. म्हणून त्यांच्या प्रयोगात मांसावरून बोळा फिरवून तो आधी पोषक द्रवात उबेला ठेवावा लागला. तसे केल्यावर चौरस सेंटिमीटरमागे दहा जिवाणूही बारा तास किंवा त्याहून कमी उबवणीत सापडले. दिवसांचे तास झाले, हे मोठेच यश. पण मंडईतल्या गाड्यावर उभ्या उभ्या निकाल देणारी पट्टी ही नव्हे.

दुसरी अडचण ओळखीची. ई. कोलायच्या ठिपक्याला लागणारे विकर त्याच्या निरुपद्रवी भावंडांकडेही असते, म्हणजे लाल रंग दिसला की विषारी जातच आहे असे ठरत नाही. त्यातच ते मेणाचे प्रिंटर बनवणे झेरॉक्सने पुढे बंद केले आणि अनेक प्रयोगशाळांना छपाईची दुसरी सोय पाहावी लागली.

आपल्याकडे दूध पावडरच्या 25 ग्रॅम नमुन्यात एकही साल्मोनेला चालत नाही. त्या कसोटीवर निव्वळ कोरा राहिलेला ठिपका पाहून माल सोडता येणार नाही. रंगलेला ठिपका पाहून मात्र तो अडवून ठेवावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. आज या कागदाचे काम एवढेच आहे, आणि तेवढ्यासाठी तो वापरात यायला हवा.