तारीख कार्डाची, हक्काची नव्हे

अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना म्हणजे ‘ग्रीन कार्ड’, हे आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही ठाऊक आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडची नागरिक झाली, की आईवडिलांनाही ते मिळू शकते. मग वर्षे सरतात, कार्डावरची तारीख जवळ येते आणि घरात घबराट पसरते.

आमच्या मोहल्ल्यात कुणाला सरकारी कागद उमगला नाही, की तो माझ्याकडे येतो. कवीला भाषा कळते, म्हणजे कायद्याचीही कळत असणार, असा लोकांचा भाबडा समज! एक निवृत्त मास्तर असेच आले. कार्ड चार महिन्यांनी संपणार होते, परतीचे तिकीट पुढच्या महिन्याचे होते. त्यांनी विचारले, “कार्ड संपलं की मला तिथून घालवून देणार का हो?”

मी म्हटले, “मास्तर, तारीख कार्डाची सरते, तुमच्या हक्काची नव्हे. वेळेत परत जा आणि तिथे पोचल्यावर अर्ज करा.”

नेहमीचे कार्ड १० वर्षांचे असते. मुदत संपली म्हणून कायम रहिवासाचा हक्क जात नाही. पण चालू मुदतीचे कार्ड जवळ बाळगणे १८ वर्षांवरील प्रत्येकाला कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय जुन्या कार्डावर प्रवासात आणि नव्या नोकरीत अडचणी येतात. म्हणून तारखेपूर्वी सहा महिन्यांच्या आत ‘आय-९०’ हा अर्ज भरावा. तो ऑनलाइनही भरता येतो. अर्जाची पोच येते. सप्टेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमाने ही पोच जुन्या कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढवते. म्हणून जुने कार्ड फेकू नये, दोन्ही एकत्र ठेवावीत. फी आणि नियम बदलत असतात. अर्जाच्या दिवशी ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत. घर बदलले असेल, तर १० दिवसांत नवा पत्ता कळवावा, नाहीतर नवे कार्ड जुन्या दारात जाऊन पडेल.

आता खरी धोक्याची जागा. लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच जोडीदारामुळे हा हक्क मिळाला असेल, तर कार्ड दोनच वर्षांचे असते. आपल्या कितीतरी लेकी लग्न होऊन तिकडे जातात, त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. इथे ‘आय-९०’ चालत नाही. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून ‘आय-७५१’ भरावा लागतो. तो भरला नाही, तर कार्डाबरोबर हक्कही संपतो. घटस्फोट झाला असेल किंवा घरात छळ होत असेल, तर एकटीनेही अर्ज करता येतो. नवऱ्याच्या सहीवाचून आपले काही चालणार नाही, असे समजून गप्प बसू नये.

दुसरा धोका म्हाताऱ्या माणसांना. नातवंडे सांभाळून ती गावी येतात आणि इथे रमतात. मुक्काम एका वर्षाहून अधिक झाला, तर कार्डावर आठ वर्षे शिल्लक असली तरी केवळ त्या कार्डावर परत जाता येत नाही. लांबचा मुक्काम ठरला असेल, तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, ‘आय-१३१’ भरून पुनर्प्रवेशाचा परवाना मागावा. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. नुसते वर्षाकाठी एकदा तोंड दाखवून येणेही पुरेसे नाही. तुमचे घर खरोखर कुठे आहे, हे अधिकारी विचारू शकतात.

अशा चौकशीत विमानतळावर ‘आय-४०७’ हा कागद कधी पुढे केला जातो. आपण होऊन हक्क सोडत असल्याचा तो कबुलीजबाब आहे. सही नाकारता येते आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याची मागणी करता येते. थकल्या डोळ्यांनी, परक्या भाषेतल्या कागदावर घाईने केलेली सही आयुष्यभराची ताटातूट करू शकते.

तेव्हा कपाटातले कार्ड आजच काढा. ते १० वर्षांचे की दोन, मुदत कधी संपते आणि आपण अमेरिकेतून निघालो कोणत्या तारखेला, या तीन गोष्टी कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.