तेराव्या वर्षीं थांबलेला खेळ

खेळाडूच्या आयुष्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. बाळपणीं नाद लागतो, तारुण्यांत नांव होतें आणि तिशी उलटली कीं मैदानाचा निरोप घ्यावा लागतो. आज ज्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे, त्या ऑस्ट्रेलियांतील एरिन फिलिप्स ह्यांना आपल्या आवडत्या खेळाचें मैदान मिळालें तें मात्र एकतिसाव्या वर्षीं.

ह्या खेळाला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. आपल्या परिचयाच्या फुटबॉलशीं त्याचें साम्य थोडेंच. मेलबर्न येथील क्रिकेटपटूंनीं हिवाळ्यांत अंग जड होऊं नये म्हणून १८५८ च्या सुमारास तो सुरू केला आणि १८५९ सालीं त्याचे नियम लिहून काढले. त्यामुळें आजहि तो क्रिकेटच्या लंबगोल मैदानांवर चालतो. चेंडूहि लंबगोलच. तो हातांत धरून धांवतां येतें. मात्र दर १५ मीटरांच्या आंत एकदां तो जमिनीवर आपटावा लागतो. सोबत्याकडे द्यावयाचा तो लाथेनें किंवा मुठीनें ठोसून. फेंकण्यास सक्त मनाई. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेनें पार केला कीं ६ गुण, आणि नेम थोडा चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी १ गुण. चुकलेल्या नेमालाहि कांहींतरी देणारा हा खेळ मला मोठा उदार वाटतो.

एरिनचा जन्म १९८५ सालीं झाला. वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट अॅडिलेड संघाचे नामांकित खेळाडू. मुलगी साहजिकच मुलांच्या संघांतून खेळूं लागली. तेराव्या वर्षीं तें थांबलें. कौशल्य कमी पडलें म्हणून नव्हे. त्या वयापुढें मुलांबरोबर खेळतां येत नसे, आणि मुलींना वर नेणारी वाट ह्या खेळांत नव्हतीच. स्त्रिया तो मुळींच खेळत नव्हत्या असें नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१५ सालीं, पर्थ येथें दुकानांतून काम करणाऱ्या तरुणींचे संघ उतरले होते. पण त्यावर पोट भरण्याची सोय पुढें शंभर वर्षें झाली नाहीं.

एरिन बास्केटबॉलकडे वळली. २००६ सालीं जागतिक अजिंक्यपद, २००८ सालीं बीजिंग ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक, अमेरिकेंत २०१२ सालीं इंडियाना व २०१४ सालीं फीनिक्स संघाकडून विजेतेपद, एवढी मजल तिनें मारली.

३ फेब्रुवारी २०१७ रोजीं स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना मेलबर्न येथें झाला. २४,५६८ प्रेक्षक आंत आले आणि दारें बंद करावीं लागलीं. कित्येकांना बाहेरूनच परतावें लागलें. ह्या स्पर्धेंतील खेळाडूंना धंदेवाईक म्हणतात खरें, पण तो शब्द जपून वापरला पाहिजे. पहिल्या हंगामांत मोजक्या नामवंतांना सुमारें २७,००० डॉलर मिळाले आणि बहुसंख्य खेळाडूंना ८,५०० च्या आसपास. तेवढ्यावर संसार चालत नाहीं. मेलबर्न संघाच्या कर्णधार डेझी पीअर्स ह्या पेशानें सुईण होत्या. हजारोंच्या टाळ्या घेऊन दुसऱ्या दिवशीं पुन्हां चाकरीवर जाणें, ही ह्या धंद्याची सुरुवात होती.

फिलिप्सबाई त्या हंगामांत अॅडिलेड संघाच्या संयुक्त कर्णधार होत्या. संघ जिंकला, आणि स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानहि त्यांनाच मिळाला. अठरा वर्षें दाबून ठेवलेली हौस जणूं एका हंगामांत बाहेर पडली!

३१ मार्च २०१९ रोजीं अॅडिलेड ओव्हलवर कार्लटनविरुद्ध अंतिम सामना झाला. ५३,०३४ प्रेक्षक जमले होते. तिसऱ्या पावभागांत बाईंच्या गुडघ्यांतील अस्थिबंध तुटला. त्यांना उचलून बाहेर नेत असतां सारें प्रेक्षागार उभें राहिलें. संघ ४५ गुणांनीं जिंकला आणि सामन्यांतील सर्वोत्तम म्हणून निवड झाली ती ह्या जायबंदी खेळाडूचीच. तेहतीस वर्षांच्या शरीराला हा आघात पेलणें सोपें नसतें; तरी पुढल्याच वर्षीं त्या पुन्हां मैदानावर आल्या आणि एप्रिल २०२२ मध्यें त्यांनीं तिसरें विजेतेपद मिळविलें.

त्याच वर्षीं पोर्ट अॅडिलेडनेंहि स्त्रियांचा संघ उभा केला. विजयी संघ सोडून फिलिप्सबाई ह्या नवख्या संघांत गेल्या आणि त्याच्या पहिल्या कर्णधार झाल्या. वडिलांच्या ह्या संघाकडून दोन हंगाम खेळून २०२३ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, त्या निवृत्त झाल्या.