थेंब व बुडबुडे यांचे संगणकीय सदृशीकरण

एका द्रायूत (द्रवात वा वायूत) असलेल्या व त्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रायूच्या लहान राशीची गती, आकारबदल, विभाजन व एकत्रीकरण या क्रिया समीकरणांच्या साहाय्याने संगणकावर घडवून पाहणे, यास थेंब व बुडबुडे यांचे संगणकीय सदृशीकरण म्हणतात. एंजिनातील इंधनाचा फवारा, शाईचे थेंब उडवून होणारी छपाई, बाष्पित्रातील उकळते पाणी, पिकांवरील औषधफवारणी इत्यादींच्या अभ्यासात त्याचा उपयोग होतो. या घटना सूक्ष्म व क्षणिक असल्याने थेंबाच्या आतील दाब व वेग यांचे प्रत्यक्ष मापन अवघड असते.

तत्त्व : दोन्ही द्रायूंची गती नेव्हिअर–स्टोक्स समीकरणांनी ठरते. मुख्य अडचण त्यांच्यामधील आंतरपृष्ठाची असते. ते सतत हलते, त्याच्या दोन बाजूंची घनता अगदी भिन्न असते (पाणी हवेपेक्षा सु. ८०० पट घन आहे) आणि त्यावर पृष्ठताण कार्य करतो. गोल थेंबाच्या आतील दाब बाहेरील दाबापेक्षा, पृष्ठताणाच्या दुपटीस त्रिज्येने भागून येणाऱ्या राशीइतका अधिक असतो. पाण्याचा पृष्ठताण सु. ०·०७२ न्यूटन/मीटर असल्याने १ मिमी. त्रिज्येच्या थेंबात हा फरक १४४ पास्काल, तर १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबात तो सु. १·४ वातावरण एवढा असतो.

इतिहास : अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत एफ्. एच्. हार्लो व जे. ई. वेल्श यांनी १९६५ मध्ये स्थिर जालकातून द्रवाबरोबर वाहणारे चिन्हक-कण वापरून मुक्त पृष्ठाचा माग काढला. याच पद्धतीने हार्लो व जे. पी. शॅनन यांनी १९६७ मध्ये द्रवावर आपटणाऱ्या थेंबाचे सदृशीकरण केले. मात्र त्यात पृष्ठताण विचारात घेतलेला नव्हता. सी. डब्ल्यू. हर्ट व बी. डी. निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या द्रायू-घनफळ पद्धतीत प्रत्येक कोष्ठिकेचा किती अंश द्रवाने व्यापला आहे, एवढेच नोंदतात. या पद्धतीत द्रवाचे घनफळ चांगले टिकते, पण वक्रता काढणे कठीण जाते. एस्. ऑशर व जे. ए. सेथियन यांच्या पातळी-संच पद्धतीत (१९८८) वक्रता सुलभतेने मिळते, पण घनफळात घट होऊ शकते. जे. यू. ब्रॅकबिल, डी. बी. कॉथे व सी. झेमाक यांनी १९९२ मध्ये पृष्ठताण हे आंतरपृष्ठालगतच्या पातळ थरात पसरलेले बल मानण्याची युक्ती सुचविली. तिचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला.

मांडणी : प्रथम घनता, श्यानता, पृष्ठताण, आकारमान व वेग यांवरून परिमाणहीन अंक काढतात. वेबर अंक निरूढी व पृष्ठताण यांचे, रेनल्ड्झ अंक निरूढी व श्यानता यांचे, तर इओट्व्हश अंक गुरुत्व व पृष्ठताण यांचे गुणोत्तर दर्शवितो. त्यांवरून कोणते बल महत्त्वाचे व कोणते उपेक्षणीय, हे ठरते. त्यानंतर क्षेत्राचा विस्तार, सीमांवरील अटी, आरंभीची स्थिती व जालक निश्चित करतात. उदा., हवेत कंप पावणाऱ्या २ मिमी. व्यासाच्या जलबिंदूसाठी ८ मिमी. बाजूचा घन घेऊन ०·१ मिमी. बाजूच्या कोष्ठिका पाडल्यास ५,१२,००० कोष्ठिका होतात व व्यासावर २० कोष्ठिका येतात. आंतरपृष्ठावरील सर्वांत लहान तरंग एका पायरीत कोष्ठिका ओलांडून जाऊ नये म्हणून कालाची पायरी सु. ३३ मायक्रोसेकंदांहून मोठी घेता येत नाही. कोष्ठिकेची बाजू निम्मी केल्यास कोष्ठिका आठपट होतात, कालाची पायरी सु. २·८ पट लहान होते आणि एकूण काम सु. २३ पट वाढते. म्हणून पुष्कळदा फक्त आंतरपृष्ठाजवळ जालक बारीक ठेवतात.

पडताळणी : पडद्यावरील चित्र वास्तव भासले, तरी तेवढ्याने ते खरे ठरत नाही. गुरुत्व वगळून स्थिर थेंब मांडला असता वेग शून्य राहावयास हवा व दाबातील फरक वरील सूत्राप्रमाणे यावयास हवा. वक्रतेच्या गणनेतील चुकीमुळे या थेंबाभोवती कृत्रिम भोवरे दिसू लागतात. निसर्गात त्यांचे अस्तित्व नसते. दुसरी कसोटी लॉर्ड रॅली यांच्या १८७९ मधील सिद्धांताची होय. त्यानुसार वरील जलबिंदूच्या मूलभूत कंपनाचा आवर्तकाल सु. ८·३ मिलिसेकंद यावयास हवा. घनफळ टिकते की नाही आणि जालक बारीक केल्यावर उत्तर स्थिरावते की नाही, हेही तपासावे लागते.

मर्यादा : दोन थेंबांमधील हवेचा पापुद्रा साधारणतः १०० नॅनोमीटरांहूनही पातळ झाल्यावर रेणवीय बलांमुळे फुटतो व थेंब एकत्र येतात. द्रायू-घनफळ पद्धतीत मात्र अंतर एका कोष्ठिकेइतके उरताच ते आपोआप जुळतात. उलट, आंतरपृष्ठ चिन्हकांनी जोडलेले असल्यास वेगळी आज्ञा दिल्याशिवाय ते जुळतच नाहीत. दोन्ही ठिकाणी निर्णय निसर्गाचा नसून पद्धतीचा असतो. म्हणून फवाऱ्यातील सर्वांत लहान थेंबांची संख्या जालकाबरोबर बदलत असेल, तर ती भौतिक निष्कर्ष म्हणून स्वीकारता येत नाही. अशा संख्येवर एंजिनाचा वा फवारणीयंत्राचा अभिकल्प आधारावयाचा असल्यास प्रयोगाची जोड आवश्यक ठरते.