आवडीने खातं म्हणून

रमजानच्या दिवसांत शेजारच्या खालांनी आम्हाला घाईने हाक मारली. महाळुंग्याच्या आमच्या सोसायटीत त्यांच्या नातवाचं कासव प्रसिद्ध. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं हे स्टार कासव कुणीतरी भेट दिलेलं. चार दिवस ते काही खात नव्हतं.

एरवी काय खातं? दूध-पाव, भात, कधी खिमा! "आवडीने खातो हो, सर," खाला म्हणाल्या. आवडीने खातं, हीच तर पंचाईत. लाल-पिवळं दिसलं की कासव तोंड मारतं, मग ते फूल असो की फुग्याचा तुकडा. टबातले रंगीत खडेही कमी झाले होते. असा खडा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. त्याचा खरा आहार म्हणजे गवत, पाला, फुलं. दुधाने त्याचं पोट बिघडतं, मांसाने मूत्रपिंडावर ताण येतो. पालकसुद्धा रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. त्यात ऊन मिळालं नाही तर कवच मऊ पडतं.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. हे ऐकून खाला घाबरल्या. "मुळा नदीत सोडून देऊ का?" पण हे जमिनीवरचं कासव, पाण्यात बुडून मरेल! शेवटी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. नातू रुसून बसला. न्यायला आलेल्यांनी खाण्याचं विचारलं, तेव्हा खालांनी सगळं सांगितलं, खिम्यासकट.