गुलामगिरी आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची वाढ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७७६ ते १८६५ या काळात गुलामगिरीची संस्था व नवे राष्ट्र यांची वाढ एकमेकांच्या आधाराने झाली. १७९० च्या शिरगणतीनुसार या राष्ट्रात सु. ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये त्यांची संख्या सु. ३९.५ लाख झाली. गुलामगिरी हा वसाहतकाळाचा अवशेष होता व राष्ट्र प्रगत होताच तो आपोआप गळून पडला, ही समजूत या आकड्यांशी जुळत नाही.

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ मध्ये सु. २० आफ्रिकनांना उतरविण्यात आले. त्यांचा कायदेशीर दर्जा आरंभी संदिग्ध होता; काहींना ठराविक मुदतीनंतर मुक्तताही मिळाली. पुढे तंबाखूच्या मळ्यांना कायमच्या मजुरांची गरज भासू लागली, तसा कायदा कठोर होत गेला. मुलाचा दर्जा आईवरून ठरेल, असा निर्बंध व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूलही मालकाची मालमत्ता ठरे. वंशपरंपरागत गुलामगिरीचा पाया या एका कलमाने घातला गेला.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता. गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा त्याच्या मसुद्यातील परिच्छेद प्रतिनिधींनी वगळला. १७८७ च्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही. मात्र त्यातील तीन तरतुदी गुलामांसंबंधीच आहेत. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना पाच गुलामांमागे तीन व्यक्ती मोजाव्यात, गुलामांच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालू नये आणि पळालेल्या गुलामास मालकाकडे परत करावे, अशा त्या तरतुदी होत. ज्यांना मत नव्हते, त्यांच्या संख्येने त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढले. पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी दहाजण आयुष्यात केव्हा ना केव्हा गुलामांचे मालक होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

याच सुमारास उत्तरेकडील राज्ये गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करीत होती. तंबाखूने जमिनी निकृष्ट झाल्यामुळे दक्षिणेतही ती क्षीण होईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. कापसाने ती फोल ठरविली. गुळगुळीत सरकीचा लांब धाग्याचा कापूस रुळांच्या चरकीने साफ होई, पण तो समुद्रकाठच्या अरुंद पट्ट्यातच पिके. अंतर्भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची लवदार सरकी धाग्याला घट्ट चिकटलेली असे व हाताने दिवसाकाठी जेमतेम एक पौंड रुई निघे. ईलाय व्हिटनीने (१७६५–१८२५) १७९३ मध्ये दातेरी यंत्र तयार केले आणि हे काम सु. पन्नासपट झाले. सरकी काढण्याचे श्रम वाचले; पेरणी, खुरपणी व वेचणी मात्र माणसांच्याच हातांनी करावयाची राहिली. परिणामी श्रम वाचविणाऱ्या यंत्रानेच गुलामांची मागणी वाढविली. १७९० मध्ये काही हजार गासड्यांचे असलेले उत्पादन १८६० मध्ये सु. ४० लाख गासड्यांवर गेले. त्या वेळी देशाच्या निर्यातीच्या मूल्यात कापसाचा वाटा निम्म्याहून अधिक होता, तर ब्रिटिश गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी बहुतांश कापूस येथूनच जाई.

यासाठी लागणारी भूमी दोन मार्गांनी मिळाली. हैतीमधील गुलामांच्या यशस्वी उठावानंतर (१७९१–१८०४) अमेरिका खंडात साम्राज्य उभारण्याचा नेपोलियनचा बेत फसला आणि १८०३ मध्ये त्याने लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश संयुक्त संस्थानांना विकला. हैतीच्या गुलामांनी मिळविलेल्या स्वातंत्र्याने शेजारच्या गुलामगिरीस नवी भूमी मिळवून द्यावी, हा इतिहासातील एक क्रूर योगायोग होय. दुसरा मार्ग म्हणजे १८३० चा निष्कासन कायदा. त्यान्वये चेरोकी, चॉक्टॉ इ. जमातींना मिसिसिपीपलीकडे घालविण्यात आले व त्यांच्या भूमीवर कापसाचे मळे उभे राहिले.

आफ्रिकेतून होणारी आयात १८०८ पासून कायद्याने बंद झाली, तेव्हा अंतर्गत व्यापार भरभराटीस आला. १७९० ते १८६० या काळात व्हर्जिनिया, मेरिलंड आदी जुन्या राज्यांतून सु. १० लाख गुलाम दक्षिणेकडे व पश्चिमेकडे नेण्यात आले. काही मालकांबरोबर गेले, पुष्कळांना दलालांनी साखळदंडांत बांधून चालवत नेले. न्यू ऑर्लीन्स ही या व्यापाराची मोठी पेठ होती. आईबापांपासून मुलांची ताटातूट नित्याची होती. गुलाम तारण ठेवून कर्ज काढता येई. लुइझियानातील बँकांनी अशा तारणावर काढलेले रोखे लंडन व ॲम्स्टरडॅम येथील भांडवलदार विकत घेत.

उत्तर या व्यवहारापासून अलिप्त नव्हती. मॅसॅचूसेट्समधील गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत. ऱ्होड आयलंडमध्ये गुलामांसाठी जाडेभरडे कापड विणले जाई. जहाजवाहतूक, विमा व पतपुरवठा न्यूयॉर्कच्या हाती होता. दक्षिणेतील राज्ये फुटून निघू लागताच न्यूयॉर्क शहरानेही वेगळे व्हावे, असे तेथील महापौराने १८६१ च्या जानेवारीत सुचविले होते.

एकूण आर्थिक वाढीत गुलामगिरीचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत. रॉबर्ट फोगेल व स्टॅन्ली एंगरमन यांनी १९७४ मध्ये गुलामांच्या मळ्यांची शेती कार्यक्षम व किफायतशीर होती, असे प्रतिपादन करून मोठा वाद ओढवून घेतला. एका मजुराच्या दिवसाच्या वेचणीचे प्रमाण १८०० नंतरच्या साठ वर्षांत सु. चौपट झाले. याचे श्रेय ॲलन ओल्मस्टेड व पॉल रोड सुधारित बियाण्यास देतात, तर एडवर्ड बॅप्टिस्ट (२०१४) ते वाढत्या छळास देतो. संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलून उणिवेबद्दल फटके मारले जात, याची साक्ष मुक्त झालेल्या गुलामांच्या आत्मकथनांत मिळते. तथापि चांगले बी व चाबूक हे परस्परांस वर्ज्य नव्हते, हे या वादात कधीकधी विसरले जाते.

नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, या प्रश्नावर १८२० व १८५० मध्ये तडजोडी झाल्या. १८५४ च्या कॅन्झस-नेब्रॅस्का कायद्याने व १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने त्या मोडीत निघाल्या. गुलामही स्वस्थ नव्हते. १८३१ मध्ये नॅट टर्नरने उठाव केला. अनेकजण उत्तरेकडे पळाले. फ्रेडरिक डग्लससारख्या पळून आलेल्यांनी लोकमत ढवळून काढले. लिंकनच्या निवडीनंतर दक्षिणेतील राज्ये फुटली आणि यादवी युद्ध (१८६१–६५) पेटले. दक्षिणेचा कापूस अडल्याने खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत सट्टा माजला व युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळला. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला.

डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम मात्र तिने वगळले. त्या अपवादाच्या आधारे दक्षिणेतील राज्यांनी पुढे कैदी मजूर मळ्यांना व खाणींना भाड्याने दिले. १८६२ मध्ये राजधानीच्या जिल्ह्यातील गुलाम मुक्त करताना मालकांना दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई देण्यात आली होती. मुक्त झालेल्या कुटुंबांना किनाऱ्यावरील जमिनीचे ४० एकरांपर्यंतचे तुकडे देण्याचा जनरल शर्मनचा जानेवारी १८६५ चा आदेश राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सनने त्याच वर्षी निष्फळ केला. जमीन पूर्वीच्या मालकांकडे परत गेली आणि बहुसंख्य मुक्त गुलाम त्याच जमिनीवर बटाईने कापूस पिकवू लागले.