सहा मिनिटांच्या चालीचा हिशेब

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस घरी परतला की घरातले सारे एकच विचारतात, आता हा कामावर कधी जाणार? हातावर पोट असलेल्या आपल्या कुटुंबांत हा प्रश्न चुलीपर्यंत जाऊन भिडतो.

समजा, आर्णीच्या बाजारात पोती वाहणारा आपला एक भाऊ मोठ्या दवाखान्यात तपासणीला गेला. डॉक्टरांनी त्याला सहा मिनिटे चालायला लावले आणि कागदावर लिहिले, ३१० मीटर. महिन्याने पुन्हा चालवले तेव्हा ३३० मीटर भरले. घरच्यांना वाटले, बरा झाला! पण ही घाई बरी नव्हे, असे आम्हांला वाटते.

ही चाचणी गरिबाला परवडणारी आहे. महागडे यंत्र लागत नाही. सुमारे ३० मीटरचा सरळ, सपाट व्हरांडा, घड्याळ आणि खुणा पुरे. रुग्णाने धावायचे नाही, पण जमेल तितके अंतर चालायचे. दम लागला तर थांबता येते, घड्याळ मात्र चालूच राहते. १९८५ पासून हृदयरोग्यांसाठी ती वापरात आहे.

मग आकडा चुकतो कुठे? पहिल्या वेळी माणूस बिचकतो. दुसऱ्या वेळी त्याला अंदाज आलेला असतो, म्हणून हृदय तेच असूनही अंतर वाढते. व्हरांडा आखूड असेल तर वळणे वाढतात आणि अंतर घटते. बोलण्याचाही परिणाम होतो. कॅनडातील डॉक्टरांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की चालताना रुग्णाला हुरूप दिला तर अंतर सुमारे ३० मीटरने वाढते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रुग्णांवरील २०११ च्या फ्रेंच अभ्यासानुसार, सुमारे २५ मीटरचा फरक पडला तरच तो रुग्णाच्या दृष्टीने खरा फरक मानता येतो. म्हणजे नुसत्या ‘शाबास’ने पडणारा फरक खऱ्या सुधारणेएवढा भरू शकतो! आपल्या भावाचे वाढलेले २० मीटर तर त्याहूनही कमी.

म्हणून चाचणी खोटी ठरत नाही. एकाच रीतीने घेतली तर तिचे आकडे चांगले जुळतात. त्यासाठी घरच्यांनी एवढे करावे : पहिल्या खेपेस चाचणी दोनदा घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. दर वेळी तीच चप्पल किंवा बूट, तीच वेळ आणि औषधेही नेहमीप्रमाणेच असावीत. भगिनींनो, मायेपोटी रुग्णाच्या बाजूने चालू नका, ‘अजून थोडं’ म्हणू नका. तारीख आणि आकडा लिहिलेला कागद जपून ठेवा.

आणखी एक. चालणे निराळे आणि पोते उचलणे निराळे. चालीचा आकडा चांगला आला तरी ओझे उचलण्याबद्दल डॉक्टरांना वेगळे विचारावेच लागेल. झटका येऊन महिना झाला नसेल तर ही चाचणी घेऊ नये, असे २००२ चे अमेरिकी मार्गदर्शन सांगते. म्हणून अरुणावतीच्या पुलापर्यंत चालून घरीच परीक्षा घेऊ नये. चालताना छातीत दुखले तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

एका दिवसाच्या एका आकड्यावर घरच्या कर्त्या माणसाचा जीव पणाला लावू नका. तोच व्हरांडा, तीच रीत आणि दोन-तीन वेळचे आकडे समोर असले, म्हणजे कामावर जायचे की थांबायचे हे डॉक्टरांनाही नीट सांगता येते.